दुसरी सीडी

सुरतेच्या लिंबायतमध्ये दोन मावसभाऊ राहत होते आणि दोघांनाही वाईट सिनेमांचं वेड होतं. थोरल्याला सगळी गल्ली जिभाऊ म्हणायची. तो रिंग रोडवरच्या एका साडीच्या पेढीत हिशेब लिहायचा. सुरतेच्या मार्केटात अशा माणसाला मेहताजी म्हणतात. धाकटा बंटी त्याच मार्केटातल्या व्यापाऱ्यांसाठी साड्यांचे व्हिडिओ काढायचा. पुतळ्याला साडी नेसवायची, दिवे लावायचे, पंख्याच्या वाऱ्यावर पदर उडवायचा आणि संध्याकाळपर्यंत सगळी डिझाइनं गिऱ्हाइकांच्या मोबाइलवर रवाना करायची. दोघांची गावं अमळनेर तालुक्यातली. उधना-जळगाव रेल्वेमार्गाने जी असंख्य खान्देशी कुटुंबं पोटासाठी सुरतेला आली आणि लिंबायत, उधना, डिंडोलीत राहिली, त्यांतलीच ही दोन. घरात अहिराणी, कामावर हिंदी-गुजराती आणि कानात इंग्रजी, कारण दोघंही पॉडकास्ट ऐकत. जिभाऊने इंग्रजी सुधारावं म्हणून सुरुवात केली होती. पहिल्या महिन्यात निम्मं डोक्यावरून गेलं, पण लोक हसताहेत एवढं कळायचं, आणि कशाला हसताहेत हे कळलंच पाहिजे या हट्टाने तो टिकला.

बंटीचा जीव ‘हाऊ डिड धिस गेट मेड?’ या कार्यक्रमावर. 2010 साली पॉल शीर, जून डायान राफेल आणि जेसन मँट्झूकस या तीन विनोदी नटांनी तो अमेरिकेत सुरू केला. हा सिनेमा बनलाच कसा, हा प्रश्न नावातच आहे. तिघं एकेका सिनेमाची साल सोलतात, आणि कितीदा तरी हे भरल्या नाट्यगृहात, तिकीट काढून आलेल्या लोकांसमोर चालतं. मँट्झूकस भडकतो, जून एखाद्या साध्या प्रश्नावर अडून बसते आणि पॉल इंटरनेटवर त्याच भिकार सिनेमाला पाच तारे देणाऱ्यांची मतं वाचून दाखवतो.

जिभाऊचा जीव ‘द फ्लॉप हाउस’वर. तो त्याहून जुना, 2007 सालचा. डॅन मॅकॉय, स्टुअर्ट वेलिंग्टन आणि एलियट केलन हे तिघं सिनेमाची गोष्ट पहिल्यापासून शेवटापर्यंत सांगायला बसतात आणि वाटेत दहा फाटे फोडतात. शेवटी प्रत्येकाला तीनपैकी एक निकाल द्यावाच लागतो: वाईट पण मजेदार, नुसताच वाईट, की मनातून थोडा आवडलेला. त्यानंतर प्रत्येकजण आपल्याला खरोखर आवडलेला एक सिनेमा ऐकणाऱ्यांना सुचवतो. जिभाऊला हा शेवट फार प्रिय होता. दिवसभर वाईटाचा हिशेब मांडल्यावर एक ओळ जमेची हवी, असं तो म्हणायचा.

नीलगिरी सर्कलजवळच्या चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, शनिवारी रात्री दोघांची जुंपायची. दुसऱ्या दिवशी मार्केटला सुट्टी, त्यामुळे घाई कोणालाच नसे.

“तुमचे तिघं बोलतात की पोथी वाचतात, जिभाऊ? हसू येईपर्यंत माणूस उधन्याहून भेस्तानला पोचतो.”

“आणि तुझे तिघं सिनेमा बघतात तरी का? का लोकांना हसवायला बसतात आणि सिनेमा मध्ये येतो म्हणून त्याला लाथ घालतात?”

“लोकांना हसवणं हेच तर काम आहे त्यांचं.”

लारीवर लोक वाटले जायचे. एम्ब्रॉयडरीच्या मशिनवर काम करणारी पोरं बंटीच्या बाजूची. कांती शाहचा 1998 सालचा ‘गुंडा’ त्यांना तोंडपाठ होता आणि त्यावर इंग्रजीत बोलणारे लोक असू शकतात याचा त्यांना आनंद होता. मोठी माणसं जिभाऊकडे झुकायची. एकदा जिभाऊने अमेरिकेतल्या रॅझी पुरस्कारांची गोष्ट काढली. सर्वांत वाईट सिनेमांना आणि नटांना चिडवण्यासाठी हे पुरस्कार 1981 पासून दिले जातात. जानेवारी 2023 मध्ये त्यांनी ‘फायरस्टार्टर’ या सिनेमासाठी रायन कीरा आर्मस्ट्राँग या अवघ्या बारा वर्षांच्या मुलीचं नाव वाईट अभिनेत्रींच्या यादीत घातलं. चहूबाजूंनी टीका झाली. संयोजकांना नाव मागे घ्यावं लागलं, माफी मागावी लागली आणि अठरा वर्षांखालच्या कोणाचंही नाव यापुढे यादीत येणार नाही असा नियम करावा लागला. त्या वर्षीचा वाईट अभिनेत्रीचा पुरस्कार त्यांनी मग स्वतःलाच दिला.

“बघ,” जिभाऊ म्हणाला, “हसताना समोर कोण आहे हे बघितलं नाही की असं होतं.”

“ते पुरस्कारवाले. मी मोठ्या लोकांच्या सिनेमांबद्दल बोलतोय. ज्याने शंभर कोटी घालून कचरा केला त्याला हसायचं नाही, तर कोणाला?”

इथे मला बंटीचं म्हणणं पटतं. पैसे घेऊन फसवणाऱ्याला हसणं हा प्रेक्षकाचा हक्क आहे, आणि तिकीट काढणारा कारीगर तो हक्क घामाने विकत घेतो. पण शंभर कोटींच्या सिनेमासाठी वापरायचं हत्यार पाच-पन्नास हजारांच्या सिनेमावरही तसंच चालवायचं का, हा प्रश्न त्या रात्री कोणी विचारला नाही.

वाद मिटेना तेव्हा लारीवाल्यानेच तोड काढली. दोघांनी एकाच सिनेमावर एकेक भाग करायचा, पुढच्या शनिवारी लारीवर स्पीकर लावून ऐकवायचा आणि लोकांनी निकाल द्यायचा. हरणाऱ्याने सगळ्यांना लोचो खाऊ घालायचा. सिनेमा कोणता? हिंदीतले नको, त्यांच्यावर सगळ्यांनी हात धुऊन घेतले आहेत. मग एका रिक्षावाल्याने घरातून एक जुनी व्हीसीडी आणून दिली. वीसेक वर्षांपूर्वी लिंबायतच्याच पोरांनी लग्नाचं शूटिंग करणाऱ्याचा कॅमेरा भाड्याने घेऊन बनवलेला सिनेमा. अर्धा अहिराणी, अर्धा हिंदी. मिठी खाडीचं पाणी ज्या पावसाळ्यात घरात शिरलं तेव्हा ही माळ्यावर होती म्हणून वाचली. व्हीसीडीवर जेमतेम सव्वा तासाचं चित्रण मावतं, त्यामुळे त्या काळी पुरा सिनेमा दोन सीडींवर यायचा. याही पाकिटात दोन होत्या.

गोष्ट अशी: लुमच्या खात्यात, म्हणजे मागाच्या कारखान्यात, रात्रपाळीला भूत येतं आणि कापडाचे ताके पळवतं. शेठ कारीगरांवर आळ घेतो. नायक एका कारीगराचा भाऊ, आणि नायिका घुंगटात. तिचं तोंड कधीच दिसत नाही. ती पाठमोरी उभी राहते, बांगड्या भरलेले हात हलवते आणि तिचा आवाज कुठून तरी भलतीकडून येतो.

बंटीने पहिली सीडी लावली, वेग वाढवून निम्मी पाहिली आणि त्याला पुरेसा मालमसाला मिळाला. दुसरी सीडी पाकिटातून बाहेरही आली नाही. त्याचा भाग मात्र झकास झाला. शनिवारी लारीवर लोक पोट धरून हसले. “दिग्दर्शकाला नायिका परवडली, तिचं तोंड परवडलं नाही,” हे वाक्य तर त्याच रात्री गल्लीभर झालं. भुताच्या अंगावर ग्रे, म्हणजे अजून न रंगवलेलं, कापड आहे आणि त्याच्या काठावर ताक्याचा नंबर स्पष्ट दिसतो, यावर त्याने पाच मिनिटं काढली: “भूतसुद्धा बिलात धरलंय!”

मग जिभाऊचा भाग लागला. त्याने दोन्ही सीड्या पाहिल्या होत्या, वहीत टिपणं काढली होती. पण त्याला त्या पोरांची दया आली होती. गरिबांनी पदरमोड करून केलेली गोष्ट, तिला नावं कशी ठेवायची? म्हणून त्याने प्रत्येक गोष्टीला चांगलं म्हटलं. कॅमेरा हलतो ते “जिवंत छायाचित्रण”. आवाज बराच वेळ गायब होतो ते “प्रायोगिक”. नायिकेची भूमिका “संयत”. पहिला चहा संपायच्या आत दोन माणसं उठली. एम्ब्रॉयडरीवाला पोरगा बाकावरच झोपला. बंटी जिंकला, यात कोणाला शंका उरली नाही.

लारीच्या टोकाला आप्पा बसले होते. साठीच्या पुढचे, किडकिडीत, बोटं लांब. सहारा दरवाज्याकडच्या एका गोदामात ग्रे कापड तपासायचं काम त्यांनी आयुष्यभर केलेलं. बंटीच्या भागाला ते सगळ्यांत मोठ्याने हसले होते. हसू आवरल्यावर त्यांनी हात पुढे केले, दिव्याखाली धरले आणि म्हणाले, “त्या पिच्चरमा मना हात शेतस.”

कोणाला काही कळेना.

“अरे, नायिका मीच आहे.”

बंटीचा चहा हातातच राहिला. आप्पा सांगू लागले. त्यांचा साडू मालेगावला. तिथे शेख नासिर नावाचा व्हिडिओ पार्लर चालवणारा माणूस, त्याने 2000 च्या सुमारास गावातल्या पोरांना घेऊन ‘मालेगाव के शोले’ केला. शुक्रवारी मालेगावचे लुम बंद असतात आणि कारीगर सिनेमाला गर्दी करतात. त्यांच्यासाठी त्यांच्याच बोलीतला सिनेमा. ट्रॉली नाही तर सायकल, क्रेन नाही तर बैलगाडी. “पुढे तिथल्या लुमवरच्या शफीकला त्यांनी सुपरमॅन केला,” आप्पा म्हणाले. “आम्ही म्हटलं, मालेगावला लुम आहेत तर सुरतेला काय कमी आहेत? आपण पण करू.”

त्या मालेगावच्या सुपरमॅनवर फैझा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला, तो परदेशातल्या महोत्सवांत गाजला. तो हाडकुळा शफीक त्यानंतर फार जगला नाही, त्याला कॅन्सर झाला होता. 28 फेब्रुवारी 2025 ला रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ देशभर लागला आणि त्या पोरांची गोष्ट मोठ्या पडद्यावर आली. लिंबायतच्या पोरांच्या वाट्याला यातलं काही आलं नाही. तो एक सिनेमा केला, बसस्टँडजवळ विकला, पैसे निम्मेच सुटले आणि सगळे परत कामाला लागले.

“पण आप्पा, तोंड का नाही दाखवलं?” बंटीने विचारलं.

“बाई कुठून आणायची? कोणाच्या घरचे हो म्हणतील? म्हणून बायकोची साडी मी नेसलो. मिशी काढायला मात्र तयार नव्हतो. तेव्हा लिहिणारा म्हणाला, राहू दे मिशी, आपण तिचीच गोष्ट करू. तू दुसरी सीडी नाही पाहिली का रे भो?”

लारीवाल्याच्या पोराने जुना प्लेयर आणला, मोबाइलच्या दुकानातून एक टीव्ही आला आणि रात्री अकरा वाजता दुसरी सीडी लागली. शेवटच्या भागात भूत नायिकेला एकटी गाठतं. ती पळत नाही. ती वळते, सावकाश घुंगट वर करते, आणि खाली झुपकेदार मिशी. भूत किंचाळतं आणि जीव घेऊन पळतं. पळताना त्याची चादर नायिकेच्या हातात राहते. नायक काठावरचा नंबर वाचतो: चोरीला गेलेल्या ताक्याचाच नंबर! भूत म्हणजे शेठचा माणूस, स्वतःच ताके पळवून कारीगरांवर आळ घालणारा. लारीवरची माणसं इतकी हसली की समोरच्या इमारतीतून कोणीतरी ओरडलं.

बंटी हसला नाही. ज्या दोन गोष्टींवर त्याने टाळ्या घेतल्या होत्या, त्या दोन्ही सिनेमावाल्यांनी जाणूनबुजून पेरल्या होत्या. तोंड न दिसणं हा विनोदाचा पहिला अर्धा भाग होता आणि त्याने तोच फेकून दिला होता. मग त्याचं लक्ष जिभाऊकडे गेलं.

“तुम्ही तर हे पाहिलं होतं. मग बोलला का नाहीत?”

जिभाऊ गडबडला. “मला वाटलं, पुरुष साडीत आहे हे सांगितलं तर लोक त्यांना हसतील. गरीब माणसं...”

“हसावं म्हणूनच नेसलो होतो रे साडी!” आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. “याने बघितलं नाही, ते समजू शकतो, पोरगा घाईत आहे. तू बघून लपवलंस. याच्या शिव्या परवडल्या, तुझी दया नको.”

मग त्यांनी आपल्या कामातलं सांगितलं. ताका साधारण शंभर मीटरांचा. टेबलावर सरकवत तो टोकापर्यंत बघायचा. आडवा पट्टा, तुटलेला धागा, तेलाचा डाग, जे असेल तिथे खूण करायची. पहिले वीस मीटर बघून ताका नापास करणाऱ्याला गोदामात कोणी ठेवत नाही, कारण पुढचं कापड चांगलं निघालं तर नुकसान कारीगराचं होतं. डाग दिसूनही खूण न करणाऱ्यालाही कोणी ठेवत नाही, कारण तो डाग मिलपर्यंत जातो, रंगल्यावर ठळक होतो आणि मग कोणत्या लुमवर तेल गळतं ते कधीच सापडत नाही. “खूण केली म्हणून विणणारा रागावत नाही,” आप्पा म्हणाले. “जिथे डाग नाही तिथे केली तर रागावतो.”

न्यूझीलंडचे टिम बॅट आणि गाय माँटगोमेरी या दोघांनी 2014 मध्ये ‘ग्रोन अप्स 2’ हा एकच टुकार सिनेमा वर्षभर दर आठवड्याला पाहिला आणि प्रत्येक वेळी त्यावर पॉडकास्ट केला. बंटी त्यांना वेडे म्हणायचा. त्या रविवारी त्याने आप्पांचा सिनेमा दोन्ही सीड्यांसकट दोनदा पाहिला.

त्याच सिनेमावरचं पुढचं रेकॉर्डिंग बंटीच्या व्हिडिओच्या खोलीत झालं. तिथे भिंतींवर साड्या टांगलेल्या असतात, आवाज घुमत नाही. माइकसमोर तिघं बसले. आप्पांना पॉडकास्ट ही भानगड ठाऊक नव्हती, पण गप्पा माराव्या लागतात एवढं कळल्यावर त्यांना थांबवणं अवघड झालं. या वेळी बंटीची जीभ पहिल्याहून धारदार चालली. मारामारीत ठोसा हनुवटीपासून हातभर लांब पडतो, दुसरं गाणं गोष्टीशी काडीचा संबंध नसताना येतं, बैठकीचा एकच शॉट तीनदा वापरला आहे. त्याने एकही सोडलं नाही. आप्पा प्रत्येकाला दुजोरा देत गेले आणि कारणही सांगत गेले. शॉट तीनदा वापरला, कारण कॅमेऱ्याचं भाडं तेवढ्या दिवसांचंच होतं. आवाज गेला, कारण शेजारच्या खात्यातले लुम बंद ठेवायला शेठ तयार झाला नाही आणि त्या खडखडाटात संवाद ऐकूच येईनात, म्हणून तो भाग मुकाच ठेवला. हे ऐकून हसू कमी झालं असं मुळीच नाही. वाढलं. जिभाऊने या वेळी एकदाही “संयत” म्हटलं नाही. ठोशांच्या प्रसंगाला तर तो असा हसला की ते रेकॉर्डिंग बंटीने न कापता तसंच ठेवलं.

शेवटी ‘द फ्लॉप हाउस’च्या रिवाजाप्रमाणे निकाल. बंटी म्हणाला, वाईट पण मजेदार. जिभाऊ म्हणाला, मनातून आवडलेला. दोघांनी आप्पांकडे पाहिलं.

“नुसताच वाईट,” आप्पा म्हणाले.

“असं कसं, आप्पा? तो शेवट?”

“शेवट चांगला आहे. पण हा पोरगा पहिल्याच सीडीत कंटाळला ना? तसे पुष्कळ कंटाळले असतील. शेवट चांगला करता येतो, तर तिथपर्यंत माणसाला बसवता यायला हवं. ते आम्हाला जमलं नाही.”

आणि सिनेमा सुचवायची पाळी आली तेव्हा त्यांनी 1988 चा ‘अशी ही बनवाबनवी’ सुचवला. साडीतल्या पुरुषाने लोकांना हसवायचं कसं, ते सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांच्याकडून शिका, म्हणाले. आम्ही पण तो पाहूनच शिकलो, थोडं कमी पडलं.

लोचोचे पैसे, जिंकूनही, बंटीनेच दिले. दोन्ही पॉडकास्टांवरून लारीवरचा वाद अजून मिटलेला नाही आणि तो मिटावा असं मलाही वाटत नाही. फक्त आता एखाद्या सिनेमाला कोणी शिव्या घालू लागला की एम्ब्रॉयडरीवाली पोरं आधी विचारतात, “दुसरी सीडी पाहिली का?” त्यावर गप्प बसणाऱ्याचं मत त्या रात्री मोजलं जात नाही.

वाचकांना एकच विनंती आहे. मालेगावसारख्या कारीगरांच्या वस्त्यांत सीडीच्या काळात असे सिनेमे झाले आणि विकले गेले. सीडी कायमची टिकत नाही आणि ती चालवणारे प्लेयर घराघरांतून भंगारात गेले आहेत. तुमच्या माळ्यावर अशी एखादी असेल तर या आठवड्यात ती कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, दोन्ही भाग, आणि पडद्यावर कोण कोण आहे त्यांची नावं गल्लीतल्या जुन्या माणसांना विचारून लिहून ठेवा. लिंबायतच्या त्या सिनेमाच्या पाकिटावर नायिकेचं नाव छापलेलंच नव्हतं. बंटीने ते आता पेनाने लिहिलं आहे.